गाडी तुझ्या नावावर आहे

होपटाउन, २ मे १९९३

प्रिय कोरली,

या पत्रात माझ्या लेकाचं, रॉसचं, काही नाही, तेव्हा पाकीट न फोडताच शेगडीत टाकू नकोस. गाडीबद्दल लिहितेय.

जाताना तू स्टेशन वॅगन माझ्या शेडमध्ये आणून लावलीस, किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "हिचं काय वाटेल ते करा डल्सी, मला ती पुन्हा डोळ्यांसमोर नको." मी मान हलवली. पुढे काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून काहीच केलं नाही. गाडी आपली उभी.

आणि आता उंदीर. यंदा इकडे उंदरांचा किती सुळसुळाट झालाय ते बातम्यांत दाखवलं असेलच. गव्हाच्या कोठारापासून माझ्या पावाच्या डब्यापर्यंत त्यांनी काही सोडलेलं नाही. काल कुदळ आणायला शेडमध्ये गेले तर वॅगनमधून खुडबुड ऐकू आली. मागचं मोठं दार उघडलं, तशी सीटमधून एक उंदरीण आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन माझ्या पायांवरून निघून गेली. मी अजिबात ओरडले नाही. बरं, ओरडले. शेजारचा आल्बी कुंपणाला वळसा घालून धापा टाकत आला.

"काय झालं? साप?"

"उंदीर."

"हात्तिच्या! एका उंदरासाठी एवढी बोंब?"

"एक नव्हता. कुटुंब होतं."

त्यानं बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरच्या डब्यात सीटचा स्पंज, वाळलेलं गवत आणि टिमच्या कुठल्याशा मोज्याची लोकर, असं मऊमऊ घरटं. आल्बी म्हणाला, "आणखी थोडे दिवस अशीच ठेवलीस तर वायरी खातील. मग कोंबड्यांचं खुराडं म्हणून मला देऊन टाक."

मला राग आला. कशाचा, ते विचारू नकोस. दुपारभर मी सीटा घासल्या आणि उन्हात वाळत घातल्या. गाडीच्या चारही बाजूंना सापळे लावलेत. तुला हे कळवावं असं वाटलं, एवढंच.

तुझा पत्ता माझ्याजवळ आहे आणि माझ्याजवळच राहील. तू एकच अट घातली होतीस, ती पाळतेय. पोस्टातल्या ग्लेनिसला मात्र टाळता येत नाही, कारण शिक्का तीच मारते. तिकीट देताना तिनं पाकिटावरचा पत्ता वाचला. "पेंग्विन! गावाचं नाव पेंग्विन? तिथं खरंच असतात का गं?" म्हणाली. म्हटलं, असतील बाई, आणि यातलं एक अक्षर रॉसच्या कानावर गेलं तर तुझी नि माझी मैत्री संपली. ती जरा घाबरली. बरं झालं.

मुलांना, टिमला नि ब्रॉनीला, माझे पापे. उत्तर नाही आलं तरी चालेल.

डल्सी


होपटाउन, १३ जून १९९३

प्रिय कोरली,

तुझी चिठ्ठी मिळाली. "विकून टाका. मला ती नको. मुलं बरी आहेत." तीन वाक्यं. शेवटचं मी पुनःपुन्हा वाचलं.

विकायचं म्हणशील तर मला ते करता येत नाही. गाडी तुझ्या नावावर आहे. रॉसही मध्यंतरी म्हणाला, "काढून टाकू, आई, जागा अडते." मी म्हटलं, "तुझी आहे का?" टिम पोटात होता, तेव्हा तू शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून ती घेतलीस, वॉरॅकनाबीलच्या त्या निवृत्त बाईंकडून. आणून दारात लावलीस तेव्हा कपाळाला ग्रीसचा पट्टा होता तुझ्या, आणि हसत होतीस. तशी तुला मी फार वेळा पाहिली नाही.

तर, विकली नाही. उलट चालू केली.

बॅटरी पार मेली होती. आल्बीनं त्याची आणून लावली. टायरांत हवा भरली, रेडिएटरमधलं गंजकं पाणी काढून नवं घातलं. मग म्हणाला, "आता ऑइल बघ." मी कांडी ओढून काढली, पुसली, पुन्हा बुडवली, बाहेर काढली.

"काय दिसतंय?"

"काळं."

"रंग कोण विचारतंय, पातळी सांग! ग्रेव्ही करतेयस का?"

लेस गेल्यापासून मी माझी छोटी गाडी चालवते, पण ती दुकानापर्यंत आणि चर्चपर्यंत. बॉनेटच्या आत मी आयुष्यात हात घातला नव्हता. ते खातं तुझ्या सासऱ्यांचं. मी डावीकडे बसून नकाशा धरायची, आणि नकाशा चुकीचा आहे असं ते म्हणायचे. आता माझ्या नखांत काळं तेल आहे आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायका माझे हात बघत होत्या. मी मुद्दाम हातमोजे घातले नाहीत.

किल्ली फिरवली तेव्हा दोनदा खोकली, एकदा मोठा काळा धूर सोडला आणि सुरू झाली. आवाज तोच गं, जरा घशात खरखर असलेला. मला वाटलं रस्त्यावरून तू वळतेयस.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

डल्सी


होपटाउन, २५ जुलै १९९३

प्रिय कोरली,

उभ्या गाडीचं रबर वाळतं आणि ब्रेक धरून बसतात, असं आल्बी सांगतो. म्हणून दर गुरुवारी तुझी वॅगन फिरवून आणते. आधी नुसती तलावापर्यंत. मग शेजारच्या रेनबो गावापर्यंत. केवढी लांब गाडी आहे बाई! तिचा पुढचा भाग गावात पोचतो तेव्हा मागचा अजून शेतात असतो. सुरुवातीला मागे घेताना आल्बीचं कुंपण वाकवलं. त्यानं नुसतं बघितलं आणि म्हणाला, "नाहीतरी जुनंच होतं." दुसऱ्या दिवशी स्वतःच सरळ करत बसला.

दमट सकाळी ती सुरू व्हायला कुरकुर करते. त्यावर एक उपाय शिकलेय. इंजिनावर एक काळी टोपी असते, तिच्यातून जाड वायरी निघतात. दोन चिमटे काढले की टोपी उचलता येते, आणि आत रोटर नावाचा अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा बसवलेला असतो. तो काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, परत बसवायचा. तो नसेल तर इंजिन नुसतं घरघरतं, पेटत नाही. इतक्या मोठ्या गाडीचं एवढ्याशा तुकड्यावाचून अडतं, याची मला गंमत वाटली.

आता एक सांगायला हवं. रॉसनं तुमचं भाड्याचं घर सोडलं. माझ्या मागच्या पडवीतल्या खोलीत राहायला आलाय. कोठारावर कामाला जातो, येतो, जेवतो, टीव्हीकडे बघतो. बघतो म्हणजे डोळे तिकडे असतात. मी काही विचारत नाही. परवा भांडी पुसताना म्हणाला, "तुला पत्ता माहितेय."

"हो."

"मला सांगणार नाहीस."

"नाही."

फडकं नीट घडी करून दांडीवर टाकलं आणि निघून गेला. दार आपटलं नाही. मी वाट बघत होते, आपटेल म्हणून.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं की रॉसचं काही लिहिणार नाही. पुढेही गरजेपुरतंच लिहीन.

डल्सी


होपटाउन, १३ सप्टेंबर १९९३

प्रिय कोरली,

हे आधी ऐकून घे: रॉस इथंच आहे. तो तिकडे येत नाहीये. आता शांतपणे वाच.

शनिवारी दुपारी त्याला फोनवर बोलताना ऐकलं. मेलबर्नहून जहाज कुठल्या वारी सुटतं, गाडी नेता येते का, विचारत होता. तुझी बहीण तिकडची, म्हणजे तू समुद्रापलीकडे तस्मानियात आहेस एवढं कुणालाही कळण्यासारखं आहे. त्याच्या स्वतःच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेलाय. म्हणजे जायचं ते तुझ्याच वॅगनमधून. आणि वॅगन तर मीच धुऊनपुसून, तेलपाणी करून, टाकी भरून तयार ठेवलेली! वाटलं, उंदरांनी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

काल सकाळी तो दाढी करत होता तेव्हा मी शेडमध्ये गेले. टोपीचे चिमटे काढले, रोटर उचलला, टोपी परत लावली. तुकडा एप्रनच्या खिशात टाकला आणि येऊन बटाटे सोलायला बसले. सालं नेहमीसारखी पातळच निघाली.

बॅग घेऊन तो स्वयंपाकघरातून गेला. "आलो जाऊन," एवढंच म्हणाला. मग शेडमधून घरघर, घरघर. थांबलं. पुन्हा घरघर. बॉनेट उघडल्याचा आवाज. मी मटण ओव्हनमध्ये सरकवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. लपून बसण्यात काय अर्थ होता?

"आई, रोटर कुठंय?"

"माझ्याकडे."

"दे."

"नाही."

"आई, मी मस्करी करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय?"

तो लाल झाला. त्याचा हात वर गेला, बॉनेटवर आपटायला, तुला ठाऊक आहे तसा. आणि वरच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि खिशात घातला, जणू काही तो हात त्याचा नव्हताच.

"मला फक्त मुलांना बघायचंय."

"कळतंय मला."

"कळतंय तर? तू माझी आई आहेस की तिची?"

"तुझीच. म्हणून तर तुकडा माझ्या खिशात आहे. असा तापलेला तू त्या गाडीत बसून कुणाच्या दाराशी जायचं नाही. एकदा बसलास, पुरे झालं."

रविवार असल्यामुळे गॅरेज बंद, नवा रोटर मिळायचा नाही. हे त्यालाही कळलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि दार लावून घेतलं. बसूनच राहिला. मी दोनदा खिडकीतून पाहिलं. आल्बी कुंपणापाशी आला, माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मी मान हलवली, तो गेला.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा मी ताट वाढून नेलं. मटण, बटाटे, भोपळा, वर ग्रेव्ही. खिडकीची काच खाली झाली. ताट घेतलं त्यानं. मी पलीकडून येऊन डावीकडच्या सीटवर बसले. तो मांडीवर ताट ठेवून जेवला, आणि मध्येच थांबून समोर शेडच्या पत्र्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी टिमनं सीट ओली केली होती. 'बाबा, थांबव' म्हणत होता. ब्रॉनी त्याचा हात धरून बसली होती. मला आरशात दिसत होतं सगळं. तरी मी थांबवली नाही."

कोरली, हे तुला मुलांनी सांगितलं असेल. मला माहीत नव्हतं. तू एवढंच म्हणाली होतीस की भांडणाच्या भरात तो मुलांना गाडीत घालून निघून गेला आणि तिन्हीसांजेला परत आला. सीटा मी घासल्या, पण उंदरांशिवाय दुसरं काही मनात आलं नाही.

मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं, पण नाही घेतलं. म्हटलं, "हे तू मला सांगितलंस ते बरं केलंस. पण मी एक म्हातारी बाई, मला यातलं कळत नाही. ज्याला कळतं अशा माणसाला जाऊन सांग."

हे मी त्याची बाजू मांडायला लिहिलेलं नाही. तुला घडलं ते कळायला हवं, म्हणून लिहिलंय. रोटर अजून माझ्याकडे आहे. कुठे ते तुलाही सांगत नाही.

डल्सी


होपटाउन, ३१ ऑक्टोबर १९९३

प्रिय कोरली,

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पत्र मी अपेक्षिलं नव्हतं. तू रागावलीस ते बरोबर आहे. गाडी चालू करून मी त्याच्या हाती तुझ्यापर्यंतचा रस्ता ठेवला होता, हे माझ्या ध्यानीही आलं नव्हतं. पत्राच्या शेवटी तू "काळजी घ्या" लिहिलंस, तेही वाचलं.

इकडची हकीकत. रॉस त्यानंतर काही दिवस ताट आपल्या खोलीत नेऊन जेवला. मग मिल्ड्युराला निघून गेला, संत्र्यांच्या बागेत कामाला. मला वाटलं गेला तो गेला. पण परत आला, उन्हानं भाजलेला आणि दाढी वाढलेला. आता दर मंगळवारी बसनं स्वान हिलला जातो. तिथं चर्चच्या मागच्या हॉलमध्ये काही पुरुष जमतात आणि एक माणूस त्यांना बोलतं करतो. काय बोलतात ते मी विचारत नाही. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "फालतू प्रकार आहे. बिस्किटंसुद्धा शिळी होती." पुढच्या मंगळवारी जाताना मी केलेला केक घेऊन गेला.

वॅगनचा पाण्याचा पंप गळायला लागला होता. खाली पाण्याचं थारोळं. आल्बीची कंबर धरलेली, त्याला वाकता येईना. रॉस शेडच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी करू का?" गाडीला हात लावण्याआधी त्यानं विचारलं, कोरली. मी म्हटलं, "कर, पण मला दाखवत कर." तसा तो एकेक बोल्ट काढून माझ्या हातात देत गेला, मी ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत गेले. नवा पंप बसवताना त्यानं मलाच पाना दिला. "फार आवळू नकोस. बसला की थांब." फार बरी दुपार गेली.

ब्रॉनीचं चित्रांचं कार्ड मिळालं. तिला सांग, पेंग्विन छान जमलाय, पण त्याला बूट कशाला?

डल्सी


होपटाउन, १६ जानेवारी १९९४

प्रिय कोरली,

सुगी संपली. इकडे ऐन उन्हाळा, आणि उत्तरेच्या वाळवंटी वाऱ्याची अशी झळ आहे की धुतलेलं कापड दोरीवर टाकेपर्यंत वाळतं.

ब्रॉनीनं नाताळच्या पत्रात लिहिलंय की तू बर्नी शहरातल्या वृद्धाश्रमात पहाटेच्या पाळीला जातेस, त्या वेळी बस नसते, आणि शेजारीण आजारी असली की हमरस्त्यावर उभी राहून कुणी नेतंय का बघतेस. पावसात. तू तिला हे मला लिही म्हणून सांगितलं नसणार. तिला रागावू नकोस.

मी सरळ विचारते. गाडी आणून देऊ का? आणणार मी. एकटी. तुला ती डोळ्यांसमोर नको होती, हे मला आठवतंय. नको असली तर अजूनही नकोच. पण आता ती आतून बरीच नवी झालीये. पंप नवा, बॅटरी नवी, ब्रेक नवे, आणि मागच्या सीटवर मी स्वतः निळं जाड कापड शिवून घातलंय, कारण जुन्या कापडावर काय काय झालं ते कळल्यावर मला त्याच्यावर कुणाला बसवावंसं वाटेना. हमरस्त्यावर उभं राहण्यापेक्षा ती बरी, एवढंच मी म्हणेन.

मेलबर्नच्या गर्दीचं विचारशील तर मला मुळीच भीती वाटत नाही. आल्बीनं कागदावर रस्ता काढून दिलाय.

रॉसला सांगितलं. तुझ्याशी खोटं नाही आणि त्याच्याशीही नाही. म्हटलं, "वॅगन मी कोरलीला नेऊन देणार आहे, तिनं हो म्हटलं तर. कुठं, ते विचारायचं नाही." तो चहात चमचा फिरवत बसला. मग म्हणाला, "पुढचा डावा टायर बदलून जा."

तुझं उत्तर येईपर्यंत मी जागची हलत नाही.

डल्सी


डेव्हनपोर्टचा धक्का, २२ फेब्रुवारी १९९४

प्रिय कोरली,

जहाज सुटायला वेळ आहे, म्हणून इथल्या बाकावर बसून लिहितेय. तू आत्ताच मला सोडून गेलीस, आणि हे सगळं तोंडानं बोलता आलं असतं. पण मला कागदच बरा.

तुझं "आणा" आल्यावर निघाले खरी, पण मेलबर्नची मला भीती वाटत होती. एका चौकात ट्राम मागून घंटा वाजवत आली आणि मी मधोमध गाडी बंद पाडली. ट्रामवाला खाली उतरून म्हणाला, "आजी, घाई नाही, पण माझ्यामागे अर्धं शहर उभं आहे." मी त्याला म्हटलं, "मग अर्ध्या शहराला सांग, बाई पहिल्यांदाच आलीये." त्यानं गाड्या थांबवून मला वाट करून दिली.

शनिवारी सकाळी तुझ्या फाटकाशी आले तेव्हा तू पायरीवर हाताची घडी घालून उभी होतीस. मुलं धावत आली, टिमनं माझ्या पोटात डोकं खुपसलं, केवढा उंच झालाय! पण मी बघत होते तुझ्याकडे. तू खाली उतरलीस, माझ्या गालाला गाल लावलास, आणि गाडीकडे पाहिलंही नाहीस. आपण चहा प्यायलो. रविवारी समुद्रावर गेलो, पायी. गाडी फाटकाबाहेर उभी. मी कॅरॅव्हान पार्कातल्या भाड्याच्या खोलीत पडून म्हटलं, डल्सी, तू या पोरीच्या दारात नको ते आणून ठेवलंस.

काल सकाळी मी मुलांची न्याहारी करायला लवकर आले, तेव्हा तू मला पाहिलं नाहीस. तू कामाचा गणवेश घालून बाहेर आलीस, वॅगनच्या चारी बाजूंनी फिरलीस. मागचं दार उघडून निळ्या सीटवर हात फिरवलास. नंतर तिथंच बसलीस, मागे, टिमच्या जागेवर. तुझे खांदे हलत होते. मी हाक मारली नाही. कोपऱ्यावरच्या झाडाआड उभी राहिले. थोड्या वेळानं तू बाहेर आलीस, तोंड पुसलंस, पुढे जाऊन बसलीस, सीट तुझ्या मापानं पुढे ओढलीस, आरसा फिरवलास. आणि गाडी चालू करून गेलीस.

मी झाडाआड होते, हे तुला सांगायला हवं होतं. सांगितलं.

तू मला धक्क्यावर सोडताना विचारलंस, "तो कसा आहे?" मी म्हटलं, "आहे." तुला वाटलं असेल मी टाळलं. तसं नाही. मंगळवार चुकवत नाही, ओरडत नाही, पण हे टिकेल की नाही ते मला सांगता येत नाही, आणि माझ्या सांगण्यावर तू विसंबू नयेस. मुलांना तो कधी भेटेल ते तू ठरवशील. कधीच नाही म्हणालीस तरी मी तुला पत्र लिहीनच.

भोंगा झाला. आता चालत जहाजात चढायचं. बाकी सगळे गाड्यांतून आत जातायत, मला जरा उघडं उघडं वाटतंय.

डल्सी


होपटाउन, १५ मे १९९४

प्रिय कोरली,

तुझं पत्र आलं तेव्हा ग्लेनिस ते घेऊन स्वतः दारात आली. पेटीत टाकवेना म्हणे. मी तिच्यासमोर उघडलं नाही, तेव्हा तोंड पाडून गेली.

तू विचारलंस की थंड सकाळी गाडी सुरू केली की पुढून जोरात किंचाळते, शेजारी जागे होतात, आणि गरम झाली की थांबते, ते काय? तिथल्या गॅरेजवाल्यानं बरंच काहीबाही बदलायला सांगितलंय, बदलू का?

थांब. आधी काही बदलू नकोस. मला वाटलं तो पंख्याचा पट्टा असणार, पण खात्री नव्हती. आल्बी कंबरेच्या इलाजासाठी हॉर्शमला गेलाय. रॉस टेबलाशी बसून पाव खात होता. मी पत्रातल्या तेवढ्याच दोन ओळी वाचून दाखवल्या.

त्यानं पाव खाली ठेवला. "पुन्हा वाच."

वाचल्या.

"पट्टा ढिला झालाय. नवीन लागत नाही. लिही," म्हणाला. मी पेन घेतलं आणि तो सांगत गेला, तसं उतरवते:

इंजिनाच्या पुढच्या बाजूला पट्ट्यानं फिरणारा एक गोल डबा आहे, त्यातून बॅटरीला वीज जाते. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्यानं दाब. बोटाच्या जाडीपेक्षा जास्त वाकला तर ढिला. त्या डब्याच्या वरचा बोल्ट आणि खालचा बोल्ट सैल कर, पूर्ण काढू नकोस. झाडूचा दांडा मध्ये घालून डबा बाहेरच्या बाजूला रेट, पट्टा ताणला गेला की तसाच धरून वरचा बोल्ट आवळ, मग खालचा. दांडा धरायला ब्रॉनीला घे, ती समजूतदार आहे.

इथपर्यंत सांगून तो थांबला. मला वाटलं झालं. मी पत्राची घडी करायला घेतली. तो उठून बेसिनपाशी गेला, कप विसळला, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "आणि तिला सांग, करायच्या आधी किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेव. मुलं आत बसून फिरवतील आणि तिची बोटं पट्ट्यात जातील."

हे शब्द त्याचेच आहेत. मी त्यात एकही घातलेला नाही.

डल्सी